ग्रुपच्या मागे, एकटीच

पत्राचा सारांश: नाशिकच्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. वय ४६, विमा कार्यालयात नोकरी. घरी यजमान, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. गुडघे दुखायला लागले म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी सायकल घेतली आणि ती इतकी आवडली की आठवड्यातले तीन-चार दिवस पहाटे त्या एकट्याच गंगापूर रोडने बाहेर पडू लागल्या. मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी मोटारसायकलवरच्या दोन मुलांनी बराच वेळ पाठलाग केला, शेरे मारले. घरी सांगितल्यावर यजमानांनी अट घातली: ‘यापुढे ग्रुपबरोबरच जायचं, नाहीतर घरात ट्रेनर (सायकल एका जागी उभी ठेवून चालवायचा स्टँड) लावून चालव.’ ताईंनी एक ग्रुप धरला. वीस-बावीस जण, बहुतेक पुरुष, वेग यांच्यापेक्षा बराच जास्त. पहिल्याच चढाला त्या मागे पडतात आणि मग नाश्त्याच्या ठिकाणीच सगळे दिसतात. मागच्या महिन्यात गिरणारेच्या पुढे त्यांची सायकल पंक्चर झाली, तेव्हा ग्रुप कधीच पुढे निघून गेला होता आणि फोनला रेंज नव्हती. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्या काकांनी सायकलसकट गावात आणून सोडलं. हे त्यांनी घरी सांगितलेलं नाही. त्या विचारतात, “मला एकटीने सायकल चालवायला आवडते, हा माझा माणूसघाणेपणा आहे का? ग्रुप सोडला तर सायकल सुटेल, नाही सोडला तर आवड सुटेल. काय करू?”

ताई,

ट्रॅक्टरची हकिगत तुम्ही दोन ओळींत उरकली आहे आणि लगेच माणूसघाणेपणाच्या प्रश्नाकडे वळला आहात. मी मात्र त्या दोन ओळींपाशीच थांबले. त्या सकाळी तुम्ही नेमक्या कुठे आहात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरच्यांना वाटत होतं, वीस जणांत आहे, काळजी नाही. त्या वीस जणांना वाटत होतं, येत असेल मागून. आधी तुम्ही एकट्या जायचात तेव्हा निदान घरी माहीत असायचं की ही एकटी गेली आहे. यायला उशीर झाला तर कुणीतरी फोन केला असता. ग्रुपमध्ये गेल्यापासून त्या फोनचीही गरज कुणाला वाटेनाशी झाली. म्हणजे यजमानांनी काळजीपोटी घातलेल्या अटीने तुम्हाला आधीपेक्षा जास्त एकटं पाडलं, आणि हे त्यांना अजून कळलेलंही नाही.

म्हणून ‘एकटी की ग्रुपबरोबर’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू या. त्याच्या आधी दोन साधे प्रश्न विचारा. रस्त्यात काही झालं तर ते कुणाच्या तरी लक्षात यायला किती वेळ लागेल? आणि त्यातलं किती मला माझ्या हाताने निस्तरता येईल? या दोन्हींची उत्तरं तुमच्याकडे असतील, तर एकटीने जाणं वाटतं तेवढं धोक्याचं उरत नाही. नसतील, तर बरोबर पन्नास माणसं असली तरी उपयोग नाही.

उदाहरण तुमच्याच शहरातलं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. नाव संघाचं असलं तरी ती रिले असते, एक जण सायकलवर असताना दुसरा विश्रांती घेतो. रस्त्यावर प्रत्येक जण आपापला एकटाच असतो. पुढे २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत सोलो गटात पूर्ण केली. आता सोलो म्हणजे एकट्याने, पण त्यांच्याही दिमतीला गाडी आणि गाडीत माणसं असतात. खायला देणारी, रस्ता सांगणारी, आता दोन तास झोप म्हणून दटावणारी. एवढी अवघड शर्यतही कुणी खऱ्या अर्थाने एकटं करत नाही.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, हा प्रकार याच्या अगदी उलट. तुमच्या ग्रुपमधल्या काहींनी केली असेल, त्यांना विचारा. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत. मागे स्वतःची गाडी ठेवायची नाही, बाहेरची मदत घ्यायची तर ती वाटेतल्या ठरलेल्या तपासणीच्या ठिकाणी, म्हणजे कंट्रोलवरच. कितीही जणांनी एकत्र चालवली तरी दिवे, रिफ्लेक्टर, ट्यूब, पाणी ज्याचं त्याने सांभाळायचं. म्हणजे शर्यतीत एकटेपणा आहे, पण कुणाची तरी नजर आहे. ब्रेव्हेत सोबत आहे, पण प्रत्येक जण स्वतःच्या पायावर उभा आहे. तुमच्या रविवारच्या राइडमध्ये सध्या नजरही नाही आणि तयारीही नाही. दोष तिथे आहे, तुमच्या स्वभावात नाही.

आता तुम्ही मागे का पडता ते बघू. पत्रात तीन ठिकाणी तुम्ही लिहिलंय की ‘मीच कमी पडते.’ यात थोडं शास्त्र आहे आणि ते कळलं की मनावरचं ओझं उतरतं. सपाटीवर ताशी २५च्या पुढे गेलं की पायांची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते, आणि ही ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तुमचा वेग ताशी २१, ग्रुपचा २७. आकडा सहानेच मोठा दिसतो, पण एकटीने २७ने चालवायची तर वाऱ्यासाठी दुपटीहून जास्त ताकद लागेल. ग्रुपमधले लोक ती लावत नसतात. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलं की साधारण पाव ते तृतीयांश मेहनत वाचते, आणि ते आळीपाळीने पुढे येऊन वारा वाटून घेतात. चढावर हा हिशोब बदलतो. ताशी १०-१२च्या वेगाला वाऱ्याचा त्रासही फारसा नाही आणि आडोशाचा फायदाही नाही. तिथे फक्त ज्याची त्याची ताकद आणि ज्याचं त्याचं वजन. म्हणून ग्रुप फुटतो तो नेमका चढावर. चढ संपला की पुढचे पुन्हा एकमेकांच्या आडोशाने सुसाट निघतात, आणि तुम्ही मागे एकट्या वारा कापत राहता. ते अंतर तुम्ही जिवाच्या आकांताने पायडल मारलं तरी भरून निघत नाही. कुणीतरी चढाच्या माथ्यावर पाच मिनिटं थांबलं, तरच भरून निघतं. थांबायचं की नाही हे ग्रुपने ठरवायचं असतं. त्याचा तुमच्या पायांशी संबंध नाही.

‘आपल्यापेक्षा वेगवान लोकांबरोबर चालवल्याशिवाय सुधारणा होत नाही’ असं तुम्हाला ग्रुपमधल्या कुणीतरी सांगितलंय. हे अर्धंच खरं आहे. आठवड्यातून एखादी दमवणारी राइड चांगली, पण बाकीच्या राइड निवांत हव्यात. बोलता येईल, एखादं गाणं गुणगुणता येईल, अशा वेगाच्या. दम याच राइडनी वाढतो. गुडघ्यासाठी सायकल घेतलेल्या माणसाने तर जड गिअरवर जोर लावत ग्रुपच्या मागे धावूच नये. हलका गिअर आणि भरभर फिरणारे पाय, हे तुमच्या गुडघ्यांचं पथ्य आहे, आणि ते ग्रुपच्या वेगात पाळता येत नाही.

आणि माणूसघाणेपणा? ताई, तुमचा दिवस तुम्हीच लिहिला आहे. सकाळी डबे, मग काउंटरवर दिवसभर लोकांची गाऱ्हाणी, संध्याकाळी मुलाचा अभ्यास आणि सासूबाईंची औषधं. कुणीही हाक मारत नाही असा दिवसातला एकच वेळ होता, तो पहाटेचा दीड तास. तो तुम्हाला हवासा वाटतो यात खुलासा द्यावा असं काही नाही. पुरुषांनी एकट्याने फिरायला जाण्याचं कारण आपण कधी विचारत नाही. बाईला मात्र ‘मैत्रिणी नाहीत का’ असं विचारलं जातं, आणि हळूहळू ती तो प्रश्न स्वतःलाच विचारू लागते. तुम्ही तो विचारू नका.

एवढं म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. ग्रुपचे फायदे खरे आहेत. दहा सायकली एकत्र दिसल्या की ट्रकवाला लांबूनच अंतर ठेवतो. कसारा घाट, वाघेरा घाट, सप्तशृंगी गडाकडचा रस्ता, सापुतारा, असे लांबचे किंवा निर्जन रस्ते पहिल्यांदा करताना सोबत असलेली कधीही बरी. सायकल कशी दुरुस्त करायची, चढाला कोणता गिअर, थंडीत काय घालायचं, हे सगळं माणसांकडूनच शिकायला मिळतं. दरवर्षी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते, त्यात जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, सोबतीचं सुख काय असतं ते सांगतील. ते मी नाकारत नाही, आणि तुम्हीही नाकारू नका.

पण ग्रुप म्हणजे आपोआप सुरक्षित, हे गृहीत धरू नका. एकमेकांच्या मागे हातभर अंतराने चालवताना समोरचा रस्ता दिसतच नाही, दिसतं ते फक्त पुढचं चाक. आपल्याकडच्या रस्त्यांवर पांढरे पट्टे नसलेले गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे आहेत, पुढच्याने हात करून किंवा ओरडून सांगितलं नाही तर मागचा थेट त्यात जातो. त्याहून वाईट म्हणजे आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवून चालवणं. तो किंचित बाजूला सरकला आणि चाकाला चाक घासलं, की पुढचा बहुधा सावरतो, मागचा पडतो. हे माहीत नसलेले, शिकवायला कुणी नसलेले ग्रुप भरपूर आहेत. म्हणून ग्रुपची पारख त्यांच्या अ‍ॅव्हरेज स्पीडवरून करू नका. चढाच्या माथ्यावर थांबतात का, शेवटच्या माणसाच्या मागे राहायला एक जण नेमलेला असतो का (याला स्वीप म्हणतात), खड्डा आला की ओरडतात का, अंधारात दिव्याशिवाय आलेल्याला परत पाठवतात का, हे बघा. जानेवारीत नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. साडेपाचला निघणारा ग्रुप दीड तास काळोखात असतो, हे लक्षात घ्या.

तुमच्या ग्रुपला एक संधी जरूर द्या. तुम्ही मागे राहता हे त्यांना माहीत आहे, पण मागे काय घडलं हे माहीत नाही, कारण तुम्ही नाश्त्याला हसून ‘हो, आलेच मागून’ म्हणता. अ‍ॅडमिनला खासगीत असा मेसेज लिहा: “रविवारच्या राइडबद्दल एक विनंती आहे. मी ताशी २०-२१च्या वेगाने चालवते. मागच्या महिन्यात गिरणारेच्या पुढे माझं पंक्चर झालं, रेंज नव्हती आणि मागे कुणी नव्हतं. चढाच्या माथ्यावर सगळे जमेपर्यंत थांबायचं आणि कुणीतरी एकाने शेवटी राहायचं, असं ठरवता येईल का? मी दहा-पंधरा मिनिटं आधी निघायलाही तयार आहे.” यात तक्रार नाही आणि माफीही नाही. माफी मागू नका.

उत्तर दोनपैकी एक येईल. चांगला माणूस असेल तर वरमेल आणि व्यवस्था करेल. बऱ्याचदा खरंच कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं. किंवा ‘ताई, आपला ग्रुप फास्ट आहे’ असं येईल. तसं असेल तर तेही प्रामाणिक उत्तर आहे. त्यांना वेगाने चालवायची आहे, त्यात गैर काही नाही, फक्त तो ग्रुप तुमचा नाही. अशा वेळी रुसून बाहेर पडण्याची गरज नाही. मिसळ खायला, गप्पा मारायला, एखाद्या कार्यक्रमाला जात राहा. राइड मात्र त्यांच्याबरोबर करू नका.

मला स्वतःला तुमच्यासाठी तिसरा मार्ग जास्त योग्य वाटतो. दोघी-तिघी. तुम्हीच लिहिलंय की त्या ग्रुपमध्ये आणखी एक बाई आहेत आणि त्याही मागेच असतात, पण तुमच्या पुढे. त्यांनाही बहुधा रविवारच्या राइडच्या धास्तीने शनिवारी रात्री झोप लागत नसेल. त्यांना विचारा. दोघींचा वेग थोडा वेगळा असला तरी चालतं, आणि गप्पा माराव्याच लागतात असंही नाही. अनेक जोड्या अशा असतात की निघताना ‘चल’ आणि पोचल्यावर ‘चहा?’ एवढंच बोलणं होतं. मधल्या तासात प्रत्येक जण आपल्या तंद्रीत. तुम्हाला हवा असलेला एकांत आणि यजमानांना हवी असलेली सोबत, दोन्ही त्यात येतं. वीस अनोळखी पाठींपेक्षा मागे वळून बघणारी एक व्यक्ती जास्त मोलाची.

आणि एकटीची राइड? ती पूर्ण सोडू नका. पण तिला रस्ता, वेळ आणि तयारीची चौकट द्या.

रस्ता असा निवडा की दर दोन-तीन किलोमीटरवर वस्ती, टपरी, पेट्रोल पंप असेल. एकट्या दिवसासाठी मला त्र्यंबक रोड जास्त पसंत आहे. वाहनं असतात, पण माणसंही असतात, अंजनेरीपर्यंत जाऊन वळलं तरी छान राइड होते. श्रावणातले सोमवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा, तेव्हा गर्दी फार. गिरणारेच्या पुढे वाघेऱ्याकडचा रस्ता कितीही सुंदर असला तरी तो सोबतीच्या दिवसासाठी ठेवा. उजाडल्यावर निघा, म्हणजे हिवाळ्यात उशिराच. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे त्र्यंबककडे जाताना तो अंगावर येईल आणि परतताना पाठीशी राहील. एकटीने जाताना नेहमी असंच करावं, ताजेपणी वारा अंगावर घ्यावा आणि दमल्यावर त्याची मदत घ्यावी. उलट केलं तर लांब जाऊन पोचतो आणि परत यायला पाय उरत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत देता येतं, ते यजमानांना पाठवून मगच पायडलवर पाय ठेवा. पण फक्त त्यावर विसंबू नका. रेंज गेली की ते शेवटच्या जागी गोठतं. म्हणून परतायची एक वेळ ठरवा. ‘साडेआठला घरी. पावणेनऊपर्यंत फोन नाही आला तर मला फोन कर, सव्वानऊपर्यंत लागला नाही तर शेवटच्या लोकेशनकडे गाडी काढ.’ हे इतकं स्पष्ट बोलून ठेवायचं. हेल्मेटच्या आतल्या बाजूला नाव, रक्तगट आणि दोन फोन नंबर लिहिलेला कागद चिकटवा. दिवसाही मागचा लाल दिवा चालू ठेवा. खिशात चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि थोडी रोकड असू द्या.

आता त्या मोटारसायकलवाल्या मुलांबद्दल. तुम्ही लिहिता, ‘मीच इतक्या पहाटे गेले.’ पाठलाग त्यांनी केला, दोष त्यांचा आहे. रस्ता जितका त्यांचा तितकाच तुमचा. पण ‘घाबरू नका’ असं मी म्हणणार नाही, कारण त्या वेळी वाटलेली भीती योग्यच होती. पुन्हा असं झालं तर उत्तर देत थांबू नका आणि निर्जन वळणाला जाऊ नका. पहिली टपरी, पंप, दूधडेअरी, जिथे माणसं दिसतील तिथे उतरा, सायकल आपल्या आणि त्यांच्या मध्ये ठेवा आणि मोठ्या आवाजात बोला. थेट घरी जाऊ नका, घर दाखवू नका. ११२ला फोन करा, गाडीचा नंबर मिळाला तर टिपून ठेवा. तक्रार नंतरही देता येते, आणि द्यावी. पुढच्या बाईसाठी तरी. रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने जाणं टाळा. स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या अ‍ॅपवर राइड टाकत असाल तर ती सगळ्यांना दिसणार नाही अशी ठेवा, घराजवळचा भाग नकाशावरून लपवायची सोय त्यात आहे.

पंक्चर काढायला शिकणं ही तुमची या महिन्याची कामगिरी. तुम्ही लिहिलंय की ‘ग्रुपमध्ये कुणाकडे तरी असतंच’ म्हणून तुम्ही ट्यूब ठेवत नाही. ती ठेवा. एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या), छोटा पंप, हे सीटखालच्या पिशवीत मावतं. रस्त्यावर शिकू नका, रविवारी दुपारी घरी पंख्याखाली शिका. मागच्या चाकाचं पंक्चर असेल तर आधी चेन सगळ्यात लहान चक्रावर आणा, चाक सहज निघतं. टायरची एक कड लिव्हरने रिमच्या बाहेर काढा, ट्यूब ओढून घ्या. आता सगळ्यात महत्त्वाचं. नवी ट्यूब घालायची घाई करू नका. टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. बाभळीच्या काट्याचं टोक बाहेरून दिसत नाही, पण आतून बोटाला बरोबर टोचतं. ते तसंच राहिलं तर नवी ट्यूब दोन मिनिटांत गेलीच समजा. काटा काढा, नव्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरा म्हणजे ती पिळणार नाही, मग घाला. टायरची कड अंगठ्यांनी आत ढकला, आणि पूर्ण हवा भरण्याआधी ट्यूब कुठे कडेखाली चिमटली नाही ना, हे दोन्ही बाजूंनी बघा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, हात काळे होतील. तिसऱ्या वेळी पंधरा मिनिटांत होतं. हे जमल्यावर गिरणारेच्या पुढचा तो रस्ता आठवला तरी पोटात गोळा येणार नाही.

हे वाचणाऱ्या इतरांपैकी काहींची परिस्थिती ताईंपेक्षा वेगळी असेल. हृदयविकाराचा त्रास असलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या किंवा फिट येण्याचा इतिहास असलेल्या वाचकांनी एकट्याने निर्जन रस्त्यावर जाऊच नये. डॉक्टरांना विचारून, कुणाला तरी बरोबर घेऊनच जावं, आणि बरोबरच्याला आजार सांगून ठेवावा. निवृत्तीनंतर सायकल घेतलेल्या काकांनी तरुणांच्या ग्रुपमागे धावण्यापेक्षा आपल्या वयाचे दोघे शोधावेत. आणि वेगवान ग्रुप चालवणाऱ्यांनी आज एवढंच करावं, नाश्त्याला बसण्याआधी डोकी मोजावीत.

राहिला यजमानांचा विषय, आणि तो मला सायकलपेक्षा अवघड वाटतो. ट्रॅक्टरची गोष्ट त्यांना सांगा. तुम्हाला वाटतंय की सांगितली तर सायकल बंद होईल. पण ती लपवल्यामुळेच त्यांना अजून वाटतं की ग्रुपमध्ये तुम्ही सुखरूप आहात. त्यांची भीती खरी आहे, उपाय फक्त चुकला आहे, आणि चुकला हे कळायला त्यांच्याकडे माहितीच नाही. मात्र नुसती गोष्ट सांगून थांबू नका, सोबत वरची सगळी व्यवस्था मांडा. कुठला रस्ता, किती वाजता, कुणाबरोबर, उशीर झाला तर काय करायचं. आणि परवानगी मागत असल्यासारखं बोलू नका. ४६ वर्षांच्या, घर आणि नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्या बाईने आपल्या सकाळची कल्पना द्यायची असते. त्यांना नेमकी कशाची भीती वाटते तेही विचारा. अपघाताची, त्या मुलांची, की ‘लोक काय म्हणतील’ याची? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत, आणि तिसरीचं उत्तर तुम्ही देत बसू नका.

ट्रेनर आणायचाच असेल तर आणा. आषाढातल्या झडीच्या दिवसांत त्याचा उपयोग होतो. पण भिंतीकडे बघत चालवलेली सायकल ही तुम्हाला आवडलेली सायकल नाही, हे त्यांनाही सांगा.

मग सुरुवात अशी करा. या आठवड्यात अ‍ॅडमिनला मेसेज आणि त्या दुसऱ्या बाईंना फोन. येत्या रविवारी ग्रुपबरोबर न जाता दोघींनी अंजनेरीपर्यंत. त्याच्या पुढच्या आठवड्यात कामाच्या एका दिवशी, उजाडल्यावर, एकटीने दीड तास, लोकेशन देऊन. ठरवलेली वेळ मात्र काटेकोर पाळा. साडेआठ म्हणालात तर साडेआठ, मध्येच चहाला थांबावंसं वाटलं तर आधी मेसेज. महिनाभर हे नीट चाललं की घरातली काळजी बरीच निवळेल असं मला वाटतं. निवळली नाही, अट तशीच राहिली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा आपण सायकलबद्दल नाही, त्या अटीबद्दल बोलू.